माधवसर निर्दोष आहेत

५ जानेवारी, रविवार

खतांच्या कंपनीची डायरी दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकतो. यंदा ठेवून घेतली. घरात जे चाललं आहे ते दुकानात सांगता येत नाही आणि पोटात मावत नाही.

झालं असं, की माझ्या मेहुण्याने, राजूने, आरोहीसाठी स्थळ आणलं. आरोही माझी एकुलती एक मुलगी, फिजिओथेरपिस्ट आहे. राजू स्वतःहून उठून कधी पाण्याचा तांब्यासुद्धा आणत नाही. त्याने स्थळ आणलं याचंच मला नवल वाटलं. मुलगा मनमाडचा, वडील रेल्वेतून निवृत्त, घर स्वतःचं.

"मुलगा काय करतो?" मी फोनवर विचारलं.

"मुंबईला असतो. काम चांगलं चाललंय."

"अरे पण कसलं काम?"

"दाजी, सिरियलमध्ये आहे तो."

मी फोन ठेवला. माझ्या बायकोने, संध्याने, तो पुन्हा लावला आणि मला न विचारता पुढच्या रविवारचं बोलावणं देऊन टाकलं.

१२ जानेवारी, रविवार

पाहुणे येऊन गेले. ललित आहेर, त्याचे वडील हिरामणराव आणि सोबत राजू. मुलगा उंच, सावळा, बोलायला मऊ. सोफ्यावर बसताना डावा पाय जरा जपून टेकवला. आरोही पोहे घेऊन आली आणि आधी काय केलं, तर कोपऱ्यातलं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं. त्यानेही काही न बोलता पाय त्यावर ठेवला. पोरीला दवाखान्याची सवय, दुसरं काय!

मग आई बाहेर आली. आई, म्हणजे चतुराबाई, ऐंशी पार केलेली. डोळे अजून शाबूत आहेत. तिने मुलाकडे पाहिलं आणि दारातच थबकली.

"अगं बया! ह्यो तर इहिरीवरचा मास्तर! ह्यानंच पाटलाची सून मारली!"

मुलगा नमस्काराला वाकला, तर आईने पाय लुगड्यात ओढून घेतले. मला काही कळेना. संध्याने सांगितलं, की 'विहिरीपलीकडे' नावाची रहस्यमालिका आहे, रोज साडेआठला लागते. त्यात पाटलांची सून मृणाल विहिरीत मेलेली सापडते. तिला वाचायला पुस्तकं देणारे शाळेतले माधवसर, म्हणजे हा ललित. खून माधवसरांनी केला, सासऱ्याने केला की गावच्या डॉक्टरने, यावर सगळा महाराष्ट्र भांडतोय म्हणे. माझ्या घरात हे रोज चालतं आणि मला पत्ता नाही.

मी सरळ माणूस. सरळच विचारलं, "ललितराव, खून तुम्हीच केलाय का?"

तो हसला. "काका, ते सांगता येत नाही. तसं लिहून दिलंय आम्ही."

"घरच्यांनाही नाही?"

हिरामणराव म्हणाले, "मला तरी कुठं सांगतो हा! मीपण रोज टीव्हीपुढेच बसतो."

होणाऱ्या सासऱ्यापासून लपवाछपवी मला आवडली नाही. दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. एरवी मुलगा बघायला आला की आरोही पाच मिनिटांत परत येते. आज संध्याला चहा पुन्हा गरम करावा लागला. पहिल्याच भेटीत इतकं हसण्यासारखं काय असतं कोण जाणे. पाहुण्यांना कळवतो म्हणालो.

१६ जानेवारी, गुरुवार

बाजारभाव आणि हवामान याखेरीज मी टीव्हीवर काही बघत नाही. पण मुलगा पारखायचा तर त्याचं काम बघायला हवं, म्हणून सोमवारपासून साडेआठला बसतो. फक्त त्यासाठीच.

आज माधवसरांनी मृणालकडे राहिलेलं पुस्तक परत घेतलं आणि हळूच हुंगलं. साधं पुस्तक हुंगलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस माझ्या घरी पोहे खाऊन गेला!

आई पडद्याकडे बघून बोटं मोडत होती. आरोही मात्र एकटक बघत होती. सीन संपल्यावर म्हणाली, "छान केलं." तिला अशा सिरियल आवडतात हे मला माहीत नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आहे. शेतकरी औषधं न्यायला येतात आणि काउंटरवर हात टेकून गप्पा मारत बसतात. पालखेडचा गेणू आज द्राक्षावरच्या भुरी रोगाचं औषध न्यायला आला. मी सहज म्हणालो, ती विहिरीची सिरियल बघतोस का?

"शेठ, त्यो मास्तरच हाय! लय गोड बोलतो. जो लय गोड बोलतो त्याच्यापासून मी तर लांबच राहतो."

मी त्याला औषधाची मात्रा दोनदा चुकीची सांगितली.

सकाळी गोदाकाठच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा फिरायला जाणाऱ्यांचा घोळका असतो. तिथेही तोच विषय. आशाताई आमच्या पुढारी. त्यांचं म्हणणं, की कास्टिंगच चुकलंय. "इन्स्पेक्टर शलाका बघा. एवढी नाजूक बाई चोराला काय पकडणार! सासरे दादासाहेब पाटील तर स्वतःच्या मुलाचे धाकटे भाऊ शोभतात. आणि माधवसर? इतका सोज्वळ चेहरा खुन्याच्या कामाला घेतात का कुणी?"

देवरामअण्णा म्हणाले, "म्हणूनच घेतलाय. शेवटी आपल्याला धक्का बसावा म्हणून!"

यावर अर्धा ट्रॅक भांडण. मी गप्प चालत होतो. हा मुलगा माझ्याकडे येऊन गेलाय, हे सांगायची सोय नव्हती. पण अण्णांचा राग आला. माणसाच्या तोंडावर सोज्वळपणा असेल तर तो खराही असू शकतो की!

२ फेब्रुवारी, रविवार

दिंडोरीहून चुलतभाऊ यादवचा फोन. बातमी कुठून गेली माहीत नाही.

"का रे वाल्मीक, पोरगी त्या खुन्याला देतो म्हणे?"

"अरे, तो नट आहे."

"मला कळतं. पण इथं पारावर लोक काय म्हणतील? मांडवात नवरदेवाला बघून पोरंसोरं पळतील."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी घरात जाहीर केलं, की खुनी कोण हे टीव्हीवर कळेपर्यंत होकार नाही. माधवसर निर्दोष निघाले, तर लग्न याच उन्हाळ्यात लावून देऊ. नाही निघाले, तर दुसरी स्थळं काय कमी आहेत?

संध्या म्हणाली, "अहो, ती सिरियल आहे."

"मला शिकवू नकोस. मला माहिती आहे. गावाला कोण शिकवणार?"

आरोही खाली मान घालून जेवत होती. पोरगी समजूतदार आहे. अर्धी भाकरी मात्र ताटात तशीच ठेवून उठली. हल्ली तिची भूक कमी झाली आहे, कामाचा ताण असावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ललितराव दुकानात आले. मुंबईहून मनमाडला निघाले होते, मध्ये उतरले. मी खुर्ची दिली तर युरियाच्या गोण्यांवरच बसले आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारू लागले. गेणू नेमका दुकानात होता. आधी लांब उभा राहिला, मग जवळ सरकला, मग फोटो काढून घेतला. जाताना माझ्या कानात म्हणाला, "शेठ, माणूस वाईट नाय वाटत."

गर्दी पांगल्यावर ललितराव म्हणाले, "काका, पुढच्या महिन्यात माझा एक मोठा सीन आहे. सलग पाच पानांचा. मी एकटाच बोलतोय त्यात. असं काम आयुष्यात एखाद्याच वेळी मिळतं. आजींना जरूर बघायला सांगा."

बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते, की मला क्षणभर फार बरं वाटलं. ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. एकटाच पाच पानं बोलतो म्हणजे काय? कबुलीच ती! खुनी हाच आहे.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मुलगा मला आवडायला लागला आहे. आणि याला माझ्या हाताने नकार द्यायचा? काहीतरी केलं पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केलं!

आशाताईंना म्हणालो, की हे सिरियलवाले लोकांचं ऐकतात. आपण नाशिककरांनी आवाज उठवला तर एका सज्जन मास्तरावरचा अन्याय टळेल. आशाताईंना असलं काही लागतच असतं. आज सकाळी झाडून सगळा ट्रॅक गोळा केला. पुढे मी टोपी घालून, माझ्यामागे भिशीच्या बायका, हास्यक्लबवाले, एक निवृत्त फौजदारसुद्धा. सगळ्यांनी मुठी वळून ओरडायचं, "माधवसर निर्दोष आहेत!" देवरामअण्णासुद्धा ओरडले, आवाज तर त्यांचाच मोठा. आशाताईंच्या सुनेने रील करून टाकलं. दुपारपर्यंत ते सातारा, सोलापूर, कुठं कुठं गेलं. संध्याकाळी तर नागपूरच्या बायका त्यांच्या बागेत तसंच ओरडत होत्या.

घरी आलो तर आरोहीच्या हातात फोन. तिने रील पाहिलं होतं.

"पप्पा, हे तुम्ही केलं?"

"मग! कसं वाटलं?"

खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. तिला भरून आलं असणार. बाप आपल्यासाठी एवढं करतो, हे पोरींना उशिरा कळतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माधवसर विहिरीत मेलेले सापडले.

त्यांच्या मुठीत डॉक्टरच्या कोटाचं बटण होतं. म्हणजे खुनी डॉक्टर, आणि सरांना सगळं समजलं म्हणून त्यांचाही काटा काढला. शलाकाने त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि म्हणाली, "आपण एका देवमाणसावर संशय घेतला."

मी टाळ्या वाजवल्या. फोनवर ट्रॅकवाल्यांचा नुसता पाऊस. कुणी रडतंय, कुणी "आपण जिंकलो" म्हणतंय. उद्या सकाळी ट्रॅकवर श्रद्धांजली ठेवली आहे, आशाताई हार आणणार आहेत.

आई मात्र पदर डोळ्याला लावून बसली. "म्या त्याला इतके तळतळाट दिले. गरिबाला लागले माझे तळतळाट."

मी लगेच राजूला फोन लावला. "आमच्याकडून होकार. मुलगा निर्दोष आहे."

राजू म्हणाला, "दाजी, आता थोडं थांबा." काय माणूस आहे! स्थळ यानेच आणलं आणि आता हाच थांबा म्हणतो.

आरोही जेवायला आली नाही.

२ मार्च, रविवार

काय लिहू?

दुपारी आरोही समोर येऊन बसली. शांत होती, तेच मला जड गेलं. म्हणाली, खुनी माधवसरच होते. पहिल्या दिवसापासून तसंच लिहिलं होतं. ललित त्या एका सीनसाठी वर्षभर राबत होता. त्याच्यासाठी त्याने दुसऱ्या सिरियलचं मोठं काम सोडलं. तुमचं रील वर चॅनेलपर्यंत पोचलं, त्याच्यामागे गावोगावची रील आली. सिरियलवाली मंडळी घाबरली, की माधवसरांना खुनी केलं तर बायका सिरियल बघायच्या बंद होतील. सीन काढून टाकला. आणि खुनी नाही तर मग या माणसाचं पुढे करायचं काय, म्हणून मारून टाकला.

"तुम्ही त्याला निर्दोष केलंत पप्पा, आणि घरी बसवलंत."

मी म्हणालो, "पण मी तुमच्यासाठीच..." आणि तिथेच अडखळलो, कारण 'तुमच्यासाठी' म्हणताना ती ज्या नजरेने बघत होती त्यावरून मला बाकीचं कळलं. विचारलं तेव्हा तिने सांगितलं. नाटकाच्या स्पर्धेत ललितचा गुडघा दुखावला होता, तो तिच्याकडे उपचाराला यायचा. दोन वर्षं झाली. राजूला सगळं माहीत. संध्याला माहीत. मी सोडून सगळ्यांना माहीत.

फार लागलं. संध्यावर ओरडलो. ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं असतंत का?" यावर मी आणखी ओरडलो, कारण नसतं घेतलं.

शेवटी आरोहीला विचारलं, की रील माझं होतं हे त्याला माहीत आहे का?

"पहिल्याच दिवशी ओळखलं त्याने, तुमच्या टोपीवरून. मला म्हणाला, काकांना काही बोलू नकोस, त्यांनी प्रेमाने केलंय."

ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मी काय करू?

९ मार्च, रविवार

आज आईने माधवसरांचा दहावा घातला.

मला सकाळी गच्चीवरून हाक आली. जाऊन पाहतो तर केळीच्या पानावर भात, वरण, भजी, सगळं मांडलेलं. बिचाऱ्याला मागेपुढे कुणी नाही, सिरियलवाल्यांनी त्याचं काहीच केलेलं दाखवलं नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, "आई, तो माणूस जिवंत आहे. मनमाडला आहे."

"त्यो ललित हाय. मी मास्तरचं करतेय. मला शाना नको शिकवू."

कावळे आले. कठड्यावर ओळीने बसले आणि एकही घासाला शिवेना. ऊन तापलं. संध्या वर आली, आरोही आली. आईने हात जोडले. "मास्तर, तुला शिव्या दिल्या, माफ कर." कावळा ढिम्म. "तुझी शाळा नीट चालंल." कावळा ढिम्म.

"ह्याचं काहीतरी राहिलंय," आई म्हणाली. "मनातलं काहीतरी बोलायचं राहिलंय त्याचं."

आरोही तोंड फिरवून रडायला लागली. मी पन्नास वर्षं असल्या गोष्टींना हसत आलो आहे. तरी पुढे झालो, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "सर, तुमची ती पाच पानं राहिली आहेत. मी ती ऐकायला येतो."

कावळ्याने भजं उचललं. त्याला भूक लागली असेल. पण मी आता शब्द देऊन बसलो आहे आणि आई साक्षीला आहे.

१६ मार्च, रविवार

मनमाडला जाऊन आलो. मी, आई, संध्या, आरोही. मुलीच्या बापाने होकार घेऊन मुलाकडे जावं तसा गेलो नाही, जीव मुठीत धरून गेलो.

हिरामणरावांनी प्रेमाने बसवलं. ललितराव वाळलेले दिसले. चार दिवस दाढी केली नसावी. चहा झाला. कुणी विषय काढेना. मग हिरामणरावच म्हणाले, "खालकरसाहेब, तुम्ही मुलीचे वडील. सध्या ललितला काम नाही, हे मी झाकून ठेवणार नाही. तुमचा विचार बदलला असेल तर राग नाही."

हे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. म्हणालो, "काम गेलं ते माझ्यामुळे. ललितराव, मी चुकलो. आणि एक मागतो. तो सीन करून दाखवा."

"काका, आता कशाला?"

"मास्तरला शबुद दिलाय आम्ही," आई म्हणाली. तिला कुणी नाही म्हणत नाही.

ललितराव उठले. खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. म्हणाले, "समोर शलाका लागेल. काका, तुम्ही बसा. पूर्ण सीनमध्ये तिला एकच वाक्य आहे. मी थांबलो की विचारायचं, 'सर, तुम्ही तिला विचारलं होतं का?' बस."

मी बसलो. आईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

ते बोलायला लागले आणि ललित आहेर त्या खोलीत उरला नाही. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. मृणालला मी वाचायला शिकवलं, म्हणाले. तिला वाचता यायला लागलं आणि मग माझ्यापलीकडचं सगळं दिसायला लागलं. तिला शहरात जायचं होतं. मी म्हणालो, तिथे तुझे हाल होतील. मला तिचं भलं कळत होतं, शलाकाताई, तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी तिला वाचवत होतो. विहिरीच्या काठावर तिचा हात धरला तोसुद्धा वाचवायलाच. सोडला केव्हा, ते मला अजून आठवत नाही.

आणि थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

मला वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं, पण ते बाहेर पडेना. जानेवारीपासून मी या मुलाला विचारलं, गेणूला विचारलं, यादवला उत्तरं दिली, सगळ्या ट्रॅकला ओरडायला लावलं. ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं ती मागे दाराला टेकून उभी होती. मी खुर्चीतच मागे वळलो.

"आरोही, तुला ललितशी लग्न करायचंय का?"

ललितराव तसेच, गालांवर पाणी घेऊन, हळूच म्हणाले, "काका, हे वाक्य नाहीये सीनमध्ये."

हिरामणराव हसले, संध्याही हसली. आरोही हसत होती की रडत होती, मला नीट दिसलं नाही.

"हो, पप्पा," ती म्हणाली. "करायचंय. पण आता पुढे बघा. त्याचा सीन पूर्ण होऊ द्या."

मी पुढे वळलो, नीट बसलो आणि माझं वाक्य म्हटलं.